खाटेशेजारचा कायदा

डिसेंबर १९९३ मधली गोष्ट. टायफॉइड झालेलं एक मूल दिल्लीतल्या खासगी रुग्णालयात दाखल होतं. डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल सांगितलं होतं. वाचताना त्याचं क्लोरोक्विन झालं. सिस्टरने वडिलांना लॅरिआगोचं, म्हणजे क्लोरोक्विनचंच, इंजेक्शन आणायला सांगितलं, वडिलांनी ते दुकानातून आणून तिच्या हातात दिलं, तिने ते शिरेतून दिलं आणि आईच्या मांडीवर असतानाच मूल कोसळलं. हृदय पुन्हा सुरू करता आलं, पण तोवर मेंदूला झालेली इजा कायमची होती. 'स्प्रिंग मेडोज' या नावाने ओळखला जाणारा हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९८ च्या निकालात मुलासाठी साडेबारा लाख रुपये आणि आईवडिलांनी जे सोसलं त्यासाठी पाच लाख रुपये भरपाई कायम झाली. इंजेक्शन देणारी सिस्टर कोणत्याही नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली नव्हती, हेही त्या खटल्यात उघड झालं.

नर्सिंगच्या प्रत्येक नव्या वर्गाला मी पहिल्या तासाला हा खटला सांगते आणि विचारते, चूक कोणाची? कोणी म्हणतं डॉक्टरांच्या अक्षराची. कोणी म्हणतं सिस्टरची. एखादी मुलगी हळूच म्हणते, नोंदणी नसलेल्या बाईला कमी पगारात ठेवणाऱ्या मालकांची. सगळ्यांचं थोडंथोडं खरं असतं, आणि कायदाही अशा वेळी सगळ्यांनाच जाब विचारतो. पण ती चूक थांबवता येईल असा अखेरचा क्षण खाटेशेजारी होता. एका हातात व्हायल, दुसऱ्या हातात केसपेपर. व्हायलवरचं नाव केसपेपरवरच्या नावाशी ताडून बघायला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारायला दोन मिनिटं. ते अर्धं मिनिट कोणी कोणाला देणं लागतं, ते न दिल्यास काय होतं, आणि ते देण्याची सवड तरी कर्मचाऱ्याला मिळते का, याचा विचार या पुस्तकात केला आहे.

वैद्यकीय कायद्यावर पुस्तकं आहेत, पण ती बहुतेक डॉक्टरांसाठी आणि वकिलांसाठी लिहिलेली, आणि बहुतेक इंग्रजीत. रुग्णाला दिवसाचे चोवीस तास हात लावणारी माणसं वेगळीच असतात. स्टाफ नर्स, उपकेंद्रावरची एएनएम, आशाताई, लॅब टेक्निशियन, एक्स-रे काढणारे, फार्मासिस्ट, ड्रेसर, वॉर्डबॉय, आयाबाई, १०८ च्या गाडीवरचे कर्मचारी आणि केसपेपर काढणारा खिडकीवरचा क्लार्क. चरकसंहितेने उपचाराचे चार पाद सांगितले, त्यात वैद्य, औषध आणि रुग्ण यांच्या बरोबरीने शुश्रूषा करणाऱ्यालाही जागा दिली, आणि त्याच्या अंगी उपचारांचं ज्ञान, दक्षता, रुग्णाबद्दल माया आणि स्वच्छता हवी असं म्हटलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या विचाराला आजच्या अभ्यासक्रमात मिळणारा वेळ फार थोडा आहे. परीक्षेपुरत्या चार व्याख्या पाठ होतात आणि पुढे कायद्याची खरी ओळख होते ती मेमो हातात पडतो तेव्हा किंवा पोलीस ठाण्यातून जबाबासाठी बोलावणं येतं तेव्हा.

अशा वेळी भेटलेला कायदा भीतीशिवाय काहीच शिकवत नाही. ज्या वॉर्डात ही भीती मुरलेली असते तिथे सह्या भरपूर घेतल्या जातात आणि बोललं कमी जातं. एमएलसी नको म्हणून अपघाताचा पेशंट दारातूनच पुढे पाठवला जातो, चूक झाली तर ती झाकण्यात सगळ्यांचा हातभार लागतो. याने रुग्णाचं भलं होत नाही, आणि कर्मचारी वाचतो असंही नाही. वर्षानुवर्षं वॉर्डात काम करून आणि नंतर शिकवून माझं मत असं झालं आहे की कायद्याच्या भीतीने केलेलं काम बहुतेक वेळा कायद्यालाही पुरत नाही. रुग्णाच्या काळजीपोटी नीट केलेलं काम मात्र कायद्याच्या कसोटीवर सहसा टिकतं. पुढची सगळी प्रकरणं याच विश्वासावर उभी आहेत.

सगळ्यात मोठं प्रकरण संमतीचं आहे. ते इतकं लांब का, असं मला काहींनी विचारलं. त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कोणत्याही सर्जिकल वॉर्डात जाऊन उभं राहावं. राउंड होऊन गेलेला असतो, उद्याची ओटी लिस्ट लागलेली असते, सिस्टरच्या काखेत पाच-सहा केसपेपर असतात. प्रत्येकात एक छापील फॉर्म, अनेक ठिकाणी अजूनही इंग्रजीत. "आजी, इथे अंगठा करा." आजी विचारतात, "कशाला गं?" "उद्याचं ऑपरेशन आहे ना, त्याचं." निळ्या पॅडवर अंगठा टेकवला जातो, कागदावर उठवला जातो, आजी तो पदराला पुसतात. खाली मुलाची सही. काय काढणार, का काढणार, न काढल्यास काय होईल, दुसरा काही उपाय आहे का, यातलं एक अक्षरही आजींपर्यंत पोचलेलं नसतं. मुलाला थोडं माहीत असतं, कारण डॉक्टर त्याच्याशी बोललेले असतात.

आता याच्या शेजारी २००८ सालचा समीरा कोहली निकाल ठेवून पाहा. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित बाई मासिक पाळीच्या त्रासासाठी दिल्लीत डॉक्टरांकडे गेली. मे १९९५ मध्ये दुर्बिणीची तपासणी ठरली, त्याच्या फॉर्मवर तिने सही केली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांच्या सहायक ओटीबाहेर आल्या, बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली, आणि आत गर्भाशय, बीजकोश आणि बीजनलिका काढण्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि सज्ञान, शुद्धीत येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने तिची आईदेखील संमती देऊ शकत नाही. जिवाला तातडीचा धोका असता तर गोष्ट वेगळी होती. तो नव्हता. डॉक्टरांना फी मिळाली नाही आणि पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावी लागली. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या चुकीची होती असं न्यायालयाने म्हटलं नाही, हेतूबद्दलही संशय घेतला नाही. तरीही त्या बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय तिला विचारल्याशिवाय झाला, एवढं कारण पुरेसं ठरलं.

मला त्या निकालात खटकत राहते ती ओटीच्या दारात आलेली सहायक. ती कोणाच्या सांगण्यावरून आली असेल हे उघड आहे. पण असं दारात जायला आपल्यातल्या किती जणींना सांगितलं गेलं आहे, आणि किती जणींनी "सर, पेशंटलाच विचारायला हवं" असं म्हटलं आहे? समजावून सांगणं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं काम आहे. सिस्टर साक्षीदार म्हणून सही करते. साक्ष कशाची, तर रुग्णाला सांगितलं गेलं, त्याला समजलं आणि त्याने स्वतः होकार दिला याची. हे झालेलं नसेल तर ती सही खोटी ठरते. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीला सीनिअर सर्जनसमोर हे बोलणं किती अवघड जातं ते मी जाणते, म्हणून त्या प्रकरणात फक्त नियम सांगून थांबलेले नाही, बोलायची वाक्यंही दिली आहेत. "सर, आजींना अजून नीट कळलेलं नाही, राउंडनंतर एकदा बोलता का?" इतकं साधं वाक्य. ते बोलायची सवय पहिल्या नोकरीत लागली तर पुढे निभावतं.

बायकांच्या बाबतीत तर 'घरच्यांची सही' हा प्रकार कायद्यापेक्षाही पक्का होऊन बसला आहे. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. सज्ञान बाईची एकटीची संमती त्याला तेव्हापासून पुरते. अठराच्या आतली मुलगी असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची संमती लागते. तरीही नवऱ्याची सही आणा म्हणून बाईला परत पाठवणं आजही घडतं, आणि ते सांगायचं काम बहुतेक वेळा खिडकीवरच्या किंवा ओपीडीतल्या कर्मचाऱ्यावर येतं. परत गेलेली बाई वीस आठवड्यांच्या आत परत येईलच याची खात्री नसते, मग ती कुठल्या तरी अर्धवट माणसाच्या हाती सापडते. २०२१ च्या दुरुस्तीने काही ठरावीक परिस्थितींत ही मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत नेली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्यात धरलं. बाईचं नाव-गाव उघड केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ही माहिती डॉक्टरांना असतेच. केसपेपर काढणाऱ्यालाही ती हवी.

गोपनीयतेबद्दल शहरातली आणि खेड्यातली अडचण एकसारखी नाही. मोठ्या रुग्णालयात माहिती फाइलींतून, व्हॉट्सॲपवर टाकलेल्या फोटोंतून आणि लिफ्टमधल्या बोलण्यातून फुटते. गावात आशाताईला सगळं घर माहीत असतं, आणि सगळ्या गावाला आशाताई माहीत असते. ती एकाच घरी आठवड्यात दोनदा गेली तरी शेजारणीला अंदाज येतो. तिच्यासाठी 'कोणाला सांगू नका' एवढा नियम अपुरा आहे. कधी जावं, काय हातात घेऊन जावं, विचारणाऱ्याला खोटं न बोलता कसं टाळावं, याचा विचार तिला करावा लागतो, आणि तो ती आपल्या शहाणपणाने करतेही. त्या प्रकरणातला बराच भाग मी अशा ताईंकडून शिकले आहे.

एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तपासणीला रुग्णाची समजून घेतलेली संमती हवी आणि निदान गुप्त राहायला हवं. केसपेपरवर लाल शाईने खूण करणं, खाटेवर वेगळी पाटी लावणं, "त्या सहा नंबरला हात लावताना जपून" असं वॉर्डभर सांगणं, यातलं काहीच बसत नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: आमच्या सुरक्षेचं काय? सुरक्षेचा प्रश्न रास्त आहे आणि कायद्याने तो डावललेला नाही. हातमोजे, सुया टाकायची सोय, सुई टोचली तर लगेच सुरू करायचं औषध आणि त्याचं प्रशिक्षण देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. प्रत्येक रुग्णाला तीच काळजी घेऊन हाताळलं तर कोणाच्या खाटेवर पाटी लावायची गरज उरत नाही. पाटी लावणाऱ्या वॉर्डात हातमोजे मोजून मिळतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. तिथे राग रुग्णावर निघतो आणि स्टोअरकडे मागणी जात नाही.

सगळ्यात कठीण गाठ अल्पवयीन मुलींची. सोळा वर्षांची मुलगी दिवस गेलेल्या अवस्थेत उपकेंद्रात येते, बरोबर घाबरलेली आई. पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे ही बाब कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. दुसरीकडे गर्भपाताचा कायदा गुप्तता मागतो. आईला पोलिसांचं नाव काढलं की ती मुलीला घेऊन उठते, आणि पुढचं सगळं असुरक्षित होतं. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने यावर एक वाट दाखवली. मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळखीचा तपशील देण्याची गरज नाही. ही वाट माहीत असलेली एएनएम त्या आईला थांबवू शकते, धीर देऊ शकते. या एका परिच्छेदासाठी कोणी हे पुस्तक विकत घेतलं तरी मला ते पुरेसं वाटेल.

गर्भलिंगनिदानाविषयी फार लिहायची गरज नाही. महाराष्ट्राने १९८८ सालीच स्वतःचा कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. इतकंच लक्षात ठेवावं की मुलगा की मुलगी हे शब्दांनी, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगणं हा गुन्हा आहे, आणि पेढे-जिलेबीचा इशारा सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या मदतनिसाने दिला तरी तो गुन्ह्यात सामील होतो.

तातडीच्या उपचारांबद्दल दोन निकाल प्रत्येक कॅज्युअल्टीच्या दारावर लिहून ठेवण्यासारखे आहेत. गाडीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला, आमच्याकडे मेडिको-लीगल केस घेत नाहीत म्हणून, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं गेलं आणि तो वाटेतच गेला. त्यावरून १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी जीव वाचवायचा, पोलिसांचं नंतर. पुढे पश्चिम बंगालात १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं. १९९६ च्या निकालात न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. या निकालांची चर्चा डॉक्टरांच्या परिषदांतून होते. पण रुग्णाच्या कानावर पडणारं पहिलं 'नाही' सहसा डॉक्टरांचं नसतं. ते फाटकावरच्या वॉचमनचं किंवा खिडकीवरच्या क्लार्कचं असतं: "इथे घेत नाहीत, सिव्हिलला न्या." या दोघांना कोणी, कधी, काय शिकवलं? बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना तर खासगी रुग्णालयांनीही ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायचे आहेत, नाकारले तर भारतीय न्याय संहितेप्रमाणे एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

हयगयीच्या गुन्ह्यासंबंधी वाचकांना सर्वाधिक कुतूहल असतं, म्हणून तिथे जरा थांबते. 'जेकब मॅथ्यू' हा २००५ चा निकाल डॉक्टरांच्या संरक्षणासाठी प्रसिद्ध आहे. त्यातली मूळ घटना मात्र क्वचितच सांगितली जाते. १९९५ साली लुधियानात एका वृद्ध रुग्णाला रात्री श्वास लागला. मुलाने ड्युटीवरच्या सिस्टरला सांगितलं, डॉक्टर यायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. ऑक्सिजन लावला तर त्रास वाढला, कारण सिलिंडर रिकामा होता. खोलीत दुसरा नव्हता. मुलानेच शेजारच्या खोलीतून एक ओढत आणला, पण तो जोडून चालू करायची सोय नव्हती. त्यात पाच-सात मिनिटं गेली आणि रुग्ण गेला. सिलिंडर रिकामा होता म्हणून त्या डॉक्टरांवर फौजदारी खटला चालू शकत नाही, त्यासाठी हयगय फार गंभीर असावी लागते, असं न्यायालयाने ठरवलं. रुग्णालयाकडून दिवाणी भरपाई मागण्याची शक्यता मोकळी राहिली. कायद्याचा मुद्दा इथे संपतो. आपला इथून सुरू होतो. सिलिंडरचा काटा कोणी, कधी पाहायचा होता? चार्ज देताना ते कोणी कोणाला सांगितलं? इमर्जन्सी ट्रे तपासल्याची सही वहीत आहे, पण ट्रे खरंच उघडून पाहिला का? सकाळी सहाचा टीपीआर पहाटे चारलाच लिहून ठेवायची सवय असलेल्या वॉर्डात या प्रश्नांना उत्तर नसतं.

आणखी एक गोष्ट परिचारिकांनी नीट वाचावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधान जाऊन न्याय संहिता आली. हयगयीने मृत्यू घडवल्यास तिच्या १०६ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून असं घडलं तर कमाल दोन वर्षं. पण ही सवलत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली पात्र आणि नोंदलेल्या डॉक्टरांपुरती आहे. एकाच खाटेशेजारी, एकाच प्रसंगात डॉक्टरांना दोन वर्षांची मर्यादा आणि सिस्टरला पाच. मला हे अन्यायाचं वाटतं आणि संघटनांनी यावर आवाज उठवायला हवा. तोवर स्वतःचं लिखाण चोख ठेवणं हाच आपला आधार. तोंडी ऑर्डर घेतली तर वेळ आणि नाव लिहा, डॉक्टरांची सही मागून घ्या. चुकलेल्या नोंदीवर एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि वेळ घाला. पांढरी शाई लावलेला कागद न्यायालयात तुमच्या विरुद्ध बोलतो. रुग्णाने कागद मागितले तर डॉक्टरांच्या आचारनियमांप्रमाणे बहात्तर तासांत द्यायचे असतात, म्हणजे तुम्ही जे लिहिता ते रुग्ण वाचणार आहे हे धरूनच लिहा.

चूक दिसल्यावर बोलण्याचं काय? १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. औषध म्हणून पुरवलेल्या त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत साखळी उलगडली, तेव्हा दिसलं की एकट्या दुष्ट माणसाने केलेलं हे काम नव्हतं. टेंडर, पुरवठा, तपासणी, साठा, प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी सही करून कागद पुढे सरकवला होता. स्टोअरमध्ये काम करणाऱ्यांनी आणि फार्मासिस्टांनी ते प्रकरण वाचताना घाई करू नये.

इथवर कर्मचारी काय देणं लागतो ते झालं. कर्मचाऱ्याला काय देणं लागतं, हा या पुस्तकाचा उरलेला निम्मा भाग आहे आणि तो अरुणा शानबाग यांच्यापासून सुरू होतो. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयात ड्युटी संपवून त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी, सात वर्षांची. अत्याचाराबद्दल खटला चाललाच नाही. मुंबईतल्या परिचारिका तेव्हा संपावर गेल्या. त्यांच्या मागण्यांत अरुणा यांच्या उपचारांबरोबर कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीचा प्रश्न होता. कपडे बदलायला सुरक्षित खोली हवी, इतकी ती साधी गोष्ट होती. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार आणि खून झाला, तेव्हा देशभरातले डॉक्टर ड्युटीवर असताना विश्रांतीला सुरक्षित जागा मागत होते. पन्नास वर्षांनंतरची मागणी तीच होती.

त्यानंतर केईएमच्या परिचारिकांनी अरुणा यांना बेचाळीस वर्षं सांभाळलं. त्यांना हलवून खाट रिकामी करायचा पालिकेचा प्रयत्न झाला तेव्हा त्या आंदोलनाला उभ्या राहिल्या. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने त्या शुश्रूषेचं मनापासून कौतुक केलं, आणि त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं म्हटलं. शुश्रूषा करणाऱ्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आप्त मानलं, असा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. त्याच निकालाने कृत्रिम आधार काढून घेण्याचा मार्गही काही अटींवर मान्य केला, आणि २०१८ व २०२३ च्या निर्णयांनी आगाऊ इच्छापत्राची पद्धत घालून दिली. अरुणा यांना जगवत राहणं योग्य होतं का, यावर माझ्या वर्गात दर वर्षी दोन तट पडतात. मी त्यांना पडू देते. अनेक वर्षं पाठीला जखम न होऊ देणारे हात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा प्रश्न सोपा वाटत नाही, आणि तो सोपा वाटूही नये. १८ मे २०१५ ला न्युमोनियाने अरुणा गेल्या.

रुग्णालयातल्या मारहाणीबद्दल महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि मोडतोड झाली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. परिचारिका, शिकाऊ विद्यार्थिनी आणि निमवैद्यकीय कर्मचारी सगळे त्यात येतात. पण तक्रार द्यायला कोणी जात नाही, कारण दुसऱ्या दिवशी ड्युटी असते आणि वरिष्ठ म्हणतात, जाऊ द्या. हे 'जाऊ द्या' बंद व्हायला हवं, आणि ते बंद करणं संस्थेच्या हातात आहे, एकट्या मुलीच्या नाही.

कायद्याने सगळं साधतं असं मी म्हणणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. सतरा बाळं आत होती, सात वाचली, दहा गेली. कारवाई झाली त्यात परिचारिका होत्या, कंत्राटी परिचारिकाही होत्या. जबाबदारी ठरायलाच हवी. पण वीज, यंत्रं, आग विझवायची सोय आणि रात्रपाळीला माणसं किती, हे ठरवणाऱ्या खुर्च्यांपर्यंत ती पोचली तरच तिला जबाबदारी म्हणता येईल. भरलेल्या वॉर्डात रात्री एकटी असलेली सिस्टर प्रत्येक इंजेक्शन दोनदा वाचू शकेल, हे गृहीत धरून लिहिलेला कोणताही नियम प्रामाणिक नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, कर्मचाऱ्याने काय करावं याच्या पुढे, ते करता यावं म्हणून संस्थेकडे लेखी काय मागावं हेही दिलं आहे. इंडेंट नाकारला तर नाकारल्याचं लेखी घ्या. माणूस कमी असेल तर त्याची नोंद रिपोर्ट बुकात त्याच पाळीत करा.

हे पुस्तक पहिल्यापासून वाचलंच पाहिजे असं नाही. रात्रपाळी करणाऱ्यांनी नोंदींचं प्रकरण आधी वाचावं, गावात काम करणाऱ्या ताईंनी गोपनीयतेचं आणि पोक्सोचं, खिडकीवर बसणाऱ्यांनी तातडीच्या उपचारांचं. कलमांचे आकडे बदलतात. तुमच्या वॉर्डातल्या भिंतीवर अजून दंडविधानाची जुनी कलमं असतील तर ती काढून नवी लावा. आणि मेट्रन, अधीक्षक, मालक यांना माझी विनंती आहे: पुस्तक कपाटात ठेवू नका, ड्युटी रूमच्या टेबलावर ठेवा, आणि महिन्यातून एक तास, कर्मचाऱ्यांच्या सुट्टीतला नव्हे तर ड्युटीतला, यावर बोलायला द्या. त्या तासाला वॉचमन आणि मावशींनाही बोलवा.